अण्णांचा पूर्वपक्ष

काशीतल्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत दूधवाल्याला रोज सकाळी "आज पाणी किती?" असं विचारणारे बरेच जण आहेत. पण ते भांडणासाठी विचारतात. माहितीसाठी विचारणारे एकटे अण्णा.

दूधवाला सायकल भिंतीला टेकवतो, मान खाजवतो आणि म्हणतो, "आज तनी जादा हौ, गुरु. भइंस बेमार हौ." अण्णा समाधानाने पातेलं पुढे करतात. वीस वर्षांत त्यांनी दूधवाला बदललेला नाही. समोरचे पुराणिकबुवा शपथेवर शुद्ध दूध घेतात आणि दर दोन महिन्यांनी दूधवाला बदलतात.

अण्णा तीसेक वर्षं एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत होते. शास्त्रार्थाचा नियम असा की स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी त्याच्याविरुद्ध जे जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडायचं. तो पूर्वपक्ष. मग त्याला उत्तर द्यायचं. पाठशाळेतून अण्णा निवृत्त झाले, पण पूर्वपक्ष काही निवृत्त झाला नाही. वांगी घेताना ते भाजीवालीला म्हणतात, "पहले इसका दोष बताइए." ती म्हणते, "दोष त खरीदार में हौ, गुरु." नावेत बसण्याआधी ते नावाड्याला विचारतात, कुठली फळी गळते? जो म्हणेल एकही नाही, त्याच्या नावेत ते बसत नाहीत. जो बोट दाखवतो त्याच्या नावेत, त्याच फळीपासून लांब, मांडी घालून बसतात.

"दोष प्रत्येकात असतो रे," ते मला सांगत. "ज्याला आपला दोष ठाऊक आहे आणि तो सांगायची लाज वाटत नाही, त्याच्या हाती मान द्यावी."

अण्णा एकटे राहतात. त्यांचं लग्न झालं होतं आणि काकू दोन वर्षांतच इंदूरला माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत, एवढं गल्लीला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते गल्लीने रचलं आहे. पहिल्याच रात्री अण्णांनी बायकोला विचारलं म्हणे, "आधी पूर्वपक्ष मांडा." हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो सांगणारा प्रत्येक जण नवाच असल्यासारखा सांगतो.

माझे वडील आमच्या गल्लीतल्या धर्मशाळेत, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी स्वयंपाक करतात. आई तिथेच पोळ्या लाटते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए.ला नाव घातलं तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. अण्णांनी विचारलं, "या विषयात मुलं नापास कशाने होतात, ते विचारून आलास का?" मी नव्हतो आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलो. त्याचा फार उपयोग झाला.

पुढचं लिहू की नको, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण तुझा दोष गाळू नकोस." म्हणून लिहितो आहे.

मला एक त्रास होता. कातडी मागे सरत नव्हती. बळेच सारली तर चिरा पडायच्या आणि मग चार दिवस लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. एकवीस वर्षांच्या मुलाने हे कुणाला सांगावं? वडिलांना सांगितलं तर ते आईला सांगणार, आईला सांगितलं की पोळ्या लाटणाऱ्या सगळ्या बायकांना कळणार. मोबाइलवर वाचलं तर उत्तर एकच दिसलं, सुंता. आमच्यात हे नसतं. म्हणजे असतं की नसतं हेही मला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

मुन्शी घाटाच्या वरच्या भिंतीवर एक जाहिरात रंगवलेली आहे. बिना चीरा, बिना दर्द, गुप्त इलाज, खाली नंबर. एका दुपारी तो नंबर मी वहीच्या मागच्या पानावर उतरवत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"या भिंतीचा पूर्वपक्ष काय?"

अण्णा होते. हातात पिशवी, पिशवीत दोन भोपळे.

"मित्रासाठी घेतोय," मी म्हणालो.

अण्णांनी जाहिरात वाचली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मित्राला दुखतं का?"

"हो."

"चिरा पडतात?"

"पडतात, असं म्हणत होता."

"लघवी करताना आधी फुगा धरतो आणि मग थेंबथेंब बाहेर येतं?"

हे मी मित्राच्या नावावरही सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. अण्णा कसे ओळखतात असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. शिकलेल्या माणसाला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

"तुझ्या मित्राला सांग, भिंत आपला दोष सांगत नाही. तिच्यावर विसंबू नये. आपण डॉक्टर शोधू."

"पण अण्णा, तो यायला लाजतो."

"मग नको येऊ दे त्याला," अण्णा म्हणाले. "पेशंट म्हणून मी जातो. तू माझ्यासोबत चल आणि उत्तरं नीट ऐकून घे. मित्राला सांगायला."

पहिला दवाखाना काचेचा होता. आत इतकी थंडी की अण्णांनी उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं. डॉक्टरांच्या आधी एक टायवाला मुलगा भेटला, त्याच्याकडे गुळगुळीत कागदाची फाइल होती. त्याने लेझरचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "पेशंट कौन?"

"मैं," अण्णा म्हणाले. मुलाने त्यांच्या शेंडीकडे पाहिलं, मग फाइलकडे पाहिलं आणि पाठ केलेलं बोलायला लागला. रक्त नाही, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

"इसमें दोष क्या है?"

"कोई दोष नहीं, अंकल. ज़ीरो रिस्क."

मग डॉक्टर आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "काउंसलिंग हो गया? तो डेट ले लीजिए." अण्णा उठले. बाहेर जिन्यावर येऊन म्हणाले, "ज्यात काहीच दोष नाही ते फक्त ब्रह्म. आणि ब्रह्माला तारीख घ्यावी लागत नाही."

दुसरे सर्जन नावाजलेले होते. बाकावर चाळीस माणसं. अपेंडिक्सपासून अंगठ्याच्या नखापर्यंत सगळं तेच कापत. तिथे आमचं नशीब असं की पाय सुजलेल्या लेलेकाकू आधीच बसलेल्या. त्या धर्मशाळेत आईच्या शेजारी पोळ्या भाजतात.

"अगंबाई! अण्णा, तुम्ही इथे? आणि हा कशाला?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. अण्णा शांतपणे आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "मला सुंता करायची आहे. हा सोबत आलाय, मला नंबर लावता येत नाही."

लेलेकाकूंची सूज उतरली असती तर त्या तिथून पळाल्या असत्या. त्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत राहिल्या.

आत सर्जनसाहेब लिहीत होते. वर न पाहता म्हणाले, "हो जाएगा. परसों खाली पेट आइए."

"करेगा कौन?"

"मैं. या मेरा कोई लड़का."

"बिगड़ गया तो?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "पंडितजी, इतना सोचिएगा तो नाखून भी नहीं कटेगा."

अण्णांनी आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. दोन्ही डॉक्टरांपुढे एकच ओळ होती: पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आरतीपर्यंत बातमी दुर्गाघाटच्या सगळ्या पायऱ्या उतरून गेली होती. पुराणिकबुवांनी भर गल्लीत अण्णांना अडवलं. "अहो, साठी उलटली तुमची. या वयात धर्म सोडता?"

"बुवा," अण्णा म्हणाले, "धर्म तिथे नसतो. तिथे असता तर तुम्हाला एव्हाना सापडला असता."

धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात तर जेवणं राहिली बाजूला. लेलेकाकू पुनःपुन्हा सांगत होत्या, बायका लाटणी थांबवून ऐकत होत्या. वडील कढईसमोर उभे होते, त्यांनाही हसू आवरेना. "पूर्वपक्ष कापून टाकतात वाटतं!" ते म्हणाले. सगळे हसले. मी पाण्याची घागर उचलून आत आणली होती, मीही हसलो. सगळे हसत होते म्हणून हसलो.

हाच तो दोष. त्या हसण्याचा आवाज मला अजून ओळखता येतो.

त्यानंतर चार दिवस मी अण्णांना टाळलं. पाचव्या दिवशी तेच दाराशी आले. "रामनगरला एक डॉक्टर आहे असं कळलंय. फक्त मूत्रविकार बघतो. मित्राचं काय?"

मुन्शी घाटावरून आम्ही नाव केली. नावाड्याने न विचारताच उजवीकडची फळी दाखवली. गंगा उतरली होती, पलीकडे वाळू दिसत होती. मी म्हणालो, "अण्णा, लोक तुम्हाला हसतात."

"हसू देत. हसण्याने काही कापलं जात नाही."

"पण खोटं तुमच्या अंगावर..."

अण्णांनी पाण्यात बोटं बुडवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "ते खोटंच आहे असं कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले. मला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा वादातला डाव.

रामनगरचा दवाखाना लस्सीच्या दुकानावर होता. डॉक्टर चाळिशीचे, डोळ्यांवर झोप असल्यासारखे. बाकावर तीन माणसं. आमचा नंबर आला.

"पेशंट?"

"मैं," अण्णा म्हणाले आणि वही उघडली. "पहले पूर्वपक्ष. इसमें क्या-क्या बिगड़ सकता है, बताइए."

"बताऊँगा. पहले लेटिए."

"पहले दोष..."

"काकाजी, बिना देखे मैं कौन-सा पक्ष लूँ?" डॉक्टरांनी पडद्याकडे हात केला. "लेटिए, धोती ढीली कीजिए."

 एवढा वेळ अण्णांचं ढोंग चाललं होतं, कारण कुणी पाहतच नव्हतं. आता एकच वाक्य बोलायचं होतं, पेशंट हा मुलगा आहे, मी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. अण्णांनी वही माझ्या हातात दिली आणि ते पडद्याआड गेले.

पडदा पातळ होता. पलंग करकरला.  मग डॉक्टरांचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"काकाजी, यह कब से है?"

"इक्कीस-बाईस का था."

"किसी को दिखाया नहीं?"

"नहीं."

"दर्द?"

"अब आदत है."

"शादी हुई थी?"

पलंग पुन्हा करकरला. "हुई थी," ते म्हणाले.

नळ सुरू झाला. डॉक्टर हात धूत होते. माझ्या हातातल्या वहीची पानं पंख्याने उडत होती आणि ती धरायचंही मला सुचत नव्हतं. घाटावरचा तो प्रश्न, फुगा धरतो का, थेंबथेंब येतं का, आता मला समजला.

अण्णा धोतर सारखं करत बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तुझ्या मित्राला आत पाठव."

"मित्र नाही," मी म्हणालो. हिंदीतही म्हणालो, डॉक्टरांना कळावं म्हणून. "मैं ही हूँ." आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बाकावरचा माणूस डोकावला.

मला तपासायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टर म्हणाले, कातडी मऊ आहे, व्रण नाही. ऑपरेशनची घाई कशाला? एक मलम दिलं. सहा आठवडे, दिवसातून दोनदा लावायचं, आंघोळीच्या वेळी हलकेच मागे सारायचं, जबरदस्ती करायची नाही. मागे सरून तिथेच अडकली तर मात्र त्याच दिवशी यायचं, उद्यावर टाकायचं नाही. "ज़्यादातर इसी से काम हो जाता है. नहीं हुआ तो मैं हूँ ही."

"और इनका?" मी विचारलं.

अण्णांचं वेगळं होतं. व्रणांनी कातडी पांढरी, कडक झाली होती, त्यात साखरेचा आजार. मलमाची वेळ निघून गेली होती. ऑपरेशन करायचं, पण आधी साखर खाली आणायची, नाहीतर जखम भरणार नाही.

"अब पूर्वपक्ष," डॉक्टर स्वतःच म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. सुन्न करण्याचं इंजेक्शन मुळाशी देतात, ते झोंबतं. पुढे अर्धापाऊण तास ओढल्यासारखं वाटतं, दुखत नाही. टाके आपोआप गळतात, दोनतीन आठवड्यांत. पहिले काही दिवस सूज पाहून घाबरायला होतं. रक्त थांबलं नाही, ताप आला, पू दिसला, लघवी अडली, तर फोन करायचा. स्पर्श काही दिवस विचित्र वाटतो, काहींना कायमचा थोडा वेगळा वाटतो. पहाटे झोपेत ताठरता येते तेव्हा टाके ओढले जातात.

"इस उमर में?" अण्णांनी विचारलं.

"शरीर पंचांग नहीं देखता, काकाजी. और डेढ़ महीना ब्रह्मचर्य."

"वह चालू है," अण्णा म्हणाले. डॉक्टर हसणार होते, पण हसले नाहीत.

"करेगा कौन?"

"मैं."

"आपसे कभी बिगड़ा है?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "एक बार. शाम को खून फिर शुरू हो गया, दोबारा टाँका लगाना पड़ा. जल्दी मैंने की थी."

अण्णांनी माझ्याकडून वही घेतली आणि बंद केली. "हाच," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पुन्हा तोच विषय निघाला. मी घागर खाली ठेवली आणि वडिलांना म्हणालो, "अण्णा माझ्यासाठी गेले होते. त्रास मला आहे." पुढचं अण्णांचं ते अण्णांचं, ते मी बोललो नाही. लेलेकाकूंची पोळी तव्यावर करपली. वडिलांनी कढईखालची आच कमी केली, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" आणि थोड्या वेळाने, "बरोबर आहे. मीच हसत होतो."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांना धर्मशाळेतून डबा जायला लागला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, गोड काही नाही. अण्णांनी पहिला घास खाऊन निरोप पाठवला, "मीठ कमी आहे." वडिलांनी उलट निरोप पाठवला, "मुद्दाम आहे."

साखर उतरायला दीड महिना लागला. तोवर माझं मलमाने काम झालं होतं, डॉक्टरांनी पाहून तसं सांगितलं. गल्लीचा मात्र फार गोंधळ उडाला. अण्णा स्वतःसाठी गेले की माझ्यासाठी, हे पक्कं झालं नव्हतं, तोच अण्णा ऑपरेशन करून आले. रामनगरच्या पुलावरून ई-रिक्षाने येताना प्रत्येक खड्ड्याला ते एकेका ऋषीचं नाव घेत होते. सातही संपले, पूल संपला नाही.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्याकडेच झोपलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं तसंच झालं. सूज आली, घाबरलो, उतरली. पहाटे अण्णा उठून गार फरशीवर फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, "सांगितलं होतं त्याने. सांगून त्रास झाला की निम्मा होतो." धोतराचा या कामी किती उपयोग आहे यावर त्यांनी मला पाऊण तास सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी ते खिडकीपाशी, पाय फाकवून, गादीवर बसले होते. दूधवाला नुकताच पाण्याचा हिशोब सांगून गेला होता. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही तेव्हाच डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो होतो. दोनतीनदा दारापर्यंत. प्रश्न सगळे तयार होते. कुणासाठी म्हणून विचारायचे, ते ठरेना." त्यांनी दुधाची साय बोटाने बाजूला केली. "तुझा मित्र भला माणूस. त्याच्यामुळे सोय झाली."

मी हसलो. तेही हसले.

"ती बिचारी दोन वर्षं राहिली," मग ते म्हणाले. "तिला वाटायचं, तिच्यातच काही कमी आहे. मी जवळ जात नाही म्हणजे ती मला आवडत नाही. एकदा तिने विचारलंही. मी तिला न्यायशास्त्रातलं काहीतरी सांगितलं." त्यांनी दुधाचं भांडं खाली ठेवलं. "अख्ख्या काशीला पूर्वपक्ष विचारत फिरलो. माझा तेवढा राहिला."

 अण्णांनी मला माझा फोन काढायला सांगितला आणि इंदूरचा नंबर सांगितला. कागद नाही, वही नाही, तोंडपाठ. मी लावून दिला. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला.

"सुमन," अण्णा म्हणाले, "मी काशीहून बोलतोय." त्यांनी घसा साफ केला. "दोष माझ्यात होता. तुझ्यात नव्हता. दुखण्याचा होता, डॉक्टरने आता बरा केला. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडून मग बारीक, संथ आवाज सुरू झाला. शब्द मला कळत नव्हते. अण्णा ऐकत होते. मधे बोलले नाहीत, खोडून काढलं नाही, काही विचारलं नाही.

मी उठून बाहेर जाऊ लागलो. अण्णांनी फोन कानाचा न काढता माझ्याकडे पाहिलं आणि दुखत असतानाही थोडं सरकून गादीवर माझ्यासाठी जागा केली.